हाताचं वळण : काही टिपणं

अबालाल रहिमान यांची चित्रं छापील पानावर समजत नाहीत. त्यासाठी कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन मूळ कागदापुढेच उभं राहायला हवं. कागद लहान. जवळून पाहिलं तर रंगांचे तुटक ठिपके आणि आखूड फटकारे, एकमेकांना चिकटून बसलेले पण एकमेकांत न विरघळलेले. चार पावलं मागं सरकलं की त्याच तुकड्यांतून पाणी, पाण्यावरचं ऊन आणि पलीकडची झाडी उभी राहते. छपाईत हे तुकडे मिसळून गुळगुळीत होतात. अबालालांची सगळी कमाई तर त्या न मिसळलेल्या रंगांत आहे.

कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकानं महिन्यातून एकदा तिथं जावं असं मला मनापासून वाटतं. भवानी मंडपातून चालत गेलं तरी फार लांब नाही.

*

हे गृहस्थ जन्मतःच असे रंगवत नव्हते. 1860 च्या आसपासचा जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळात शिक्षण. तिथली शिस्त म्हणजे प्लास्टरच्या पुतळ्यावरून रेखाटन, छायाप्रकाशाची एकेक पायरी मोजून लावायची, कडा स्वच्छ, पोत गुळगुळीत. त्या शिस्तीत ते पहिल्या रांगेत होते, पदकं मिळवत होते. त्यांची सुरुवातीची कामं पाहिली की खात्री पटते : या माणसाला जसं दिसतं तसं हुबेहूब काढता येत होतं. मग ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठी राहिले. शाहू महाराजांनी आश्रय दिला. 1931 मध्ये वारले तोवर त्यांनी जवळपास सगळं आयुष्य याच गावाच्या पाण्याकाठी रंगवलं. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा.

म्हणजे शाळेनं दिलेला हात आधी पुरता कमावला आणि मग तो हळूहळू सोडला. सोडताना चित्रणाची अचूकता त्यांनी टाकली नाही, फक्त तिची जागा हलवली. पूर्वी ती कडेत होती, आता उजेडात आली. अबालालांची उशिराची चित्रं सैल दिसतात, पण सकाळचं पाणी आणि दुपारचं पाणी यांत त्यांनी कधी घोटाळा केलेला नाही.

*

संध्यामठ. रंकाळ्यातली ती दगडी वास्तू पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि उन्हाळ्यात वर येते. एकाच जागेवरून रंगवायला बसलं तरी आषाढात एक चित्र, चैत्रात दुसरं. विषय बदलण्यासाठी चित्रकाराला उठावंच लागत नाही. अबालालांनी तो रंगवला तो याच जाणिवेनं, असं मी मानतो. नवीन जागा शोधत हिंडणाऱ्या पोरांना मी इथं आणून बसवतो आणि सांगतो, सहा महिन्यांनी परत याच दगडावर बस.

*

अबालालांची तुलना फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्टांशी नेहमी केली जाते. तुलना चुकीची नाही, अपुरी आहे. पॅरिसच्या त्या मंडळींच्या हातात नळीत भरलेले तयार रंग होते. 1841 मध्ये पत्र्याची नळी निघाली आणि चित्रकार रंग खिशात घालून बाहेर पडू लागला. त्यांना आगगाडी होती, एकत्र बसायला कॅफे होते, एकमेकांशी भांडायला सोबती होते, शिव्या घालायला का होईना पण टीकाकार होते. कोटितीर्थाच्या काठी यातलं काही नव्हतं. एकटा माणूस, जे. जे.चं शिक्षण पाठीशी, समोर पाणी. तरी तो त्याच दिशेला चालत गेला. त्या एकटेपणाचा विचार केल्याशिवाय ही चित्रं पुरती कळत नाहीत. त्यांची तुटक रेघ मला पॅरिसची नातलग वाटत नाही. ती रंकाळ्यावर वाऱ्यानं उठणाऱ्या लाटांच्या मापाची आहे.

*

शाहू महाराज 1922 मध्ये गेले. त्या धक्क्यानं अबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थात सोडली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. मला त्या कथेपेक्षा ती टिकून राहिली याचं जास्त मोल वाटतं. एका चित्रकाराच्या दुःखाचं माप गावानं चित्रांत मोजलं आणि ते शंभर वर्षं लक्षात ठेवलं.

*

विद्यार्थी विचारतात, "सर, माझी शैली कुठली?" विशी-एकविशीचं वय. प्रश्न खरा असतो, डोळ्यांत काळजी असते. बरोबरीच्या कुणाचं तरी काम लांबून ओळखू यायला लागलेलं असतं आणि आपलं अजून सरांसारखं दिसतंय, याचा त्रास होत असतो.

मी उलट विचारतो, "तुझी अडचण कुठली?" पैसे नाहीत? मग महाग कागदावरचं ओलं काम बाजूला ठेव आणि वर्तमानपत्राच्या रद्दीवर काजळानं काढ. वेळ नाही? केएमटीच्या थांब्यावर माणसं काढ, बस आली की चित्र संपलं. रंगांची भीती वाटते? एकाच रंगात वर्ष काढ. जी अडचण खरी आहे तिच्यापुढं हात काहीतरी उपाय शोधतो, आणि तो उपाय दुसऱ्या कुणाचा नसतो. कोल्हापुरातल्या ज्या ज्या माणसाचा हात मला लांबून ओळखता येतो, त्याच्या मागं अशी एखादी अडचण सापडते.

*

अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट चित्रकारांनी ऐकायलाच हवी. तरुणपणी खाँसाहेबांचा आवाज मोठा आणि लवचिक होता. आमलेटा संस्थानात मुक्कामी असताना अतिश्रमानं तो बसला. पुढं परत आला, पण पूर्वीचा नव्हे. त्या बदललेल्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी गायकी त्यांनी बांधली : लयीशी घट्ट विणलेली, वक्र वळणांची, अनवट रागांची. त्यालाच आपण आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात राहिले. म्हणजे कोटितीर्थाकाठी अबालाल आपला गुळगुळीत हात सोडत होते त्या काळात याच गावात दुसरा एक माणूस गेलेल्या आवाजाच्या जागी नवं गाणं रुजवत होता. हे दोघे एकाच राजाच्या आश्रयाला होते ही गोष्ट मला विलक्षण वाटते. राजानं दोघांनाही स्वतःच्या वाटेनं जाऊ दिलं, हेही तितकंच मोठं.

*

बाबूराव पेंटर. जन्म 3 जून 1890. मूळ आडनाव मेस्त्री, वडील कृष्णराव हरहुन्नरी कारागीर. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. चित्र आणि शिल्प घरात, कामातून शिकले. भाऊ आनंदराव आणि बाबूराव यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले आणि त्या पडद्यांनी नाव काढलं. राजवाडा, उपवन, रस्ता, अरण्य. सपाट कापडावर खोली दाखवायची, तीही अशी की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ती खरी वाटावी. पडद्याचं परिप्रेक्ष्य कागदावरच्या परिप्रेक्ष्यासारखं नसतं. पाहणारा एका जागी नसतो, शेकडो जागी पसरलेला असतो. मध्यावर बसलेल्याला खांब सरळ दिसले आणि कडेच्याला कललेले दिसले तर पडदा फसला.

मग दोघांना चलच्चित्राचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो कोल्हापुरातच बनवायचा ठरला. प्रोजेक्टर उघडून त्याची यंत्ररचना समजून घेतली, सुटे भाग घडवले. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांना हाताशी घेऊन कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, तानीबाई कागलकरांनी पैशाचं पाठबळ दिलं आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

हे सगळं कोल्हापूरच्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. मला यातली दुसरीच गोष्ट सांगायची आहे. पडदे रंगवून नाव मिळवलेल्या या माणसानं आपल्या चित्रपटांतून रंगवलेला पडदा काढून टाकला. त्याच्या जागी घन, राहत्या घरासारखे सेट उभे केले. कारण साधं होतं. नटाची सावली मागच्या रंगवलेल्या आभाळावर पडली की आभाळाचं कापड होतं. नाटकात प्रेक्षक ते मान्य करतो, कॅमेरा करत नाही. ज्या कौशल्यानं पोट भरलं आणि नाव मिळालं, ते नव्या माध्यमात खोटं पडतंय हे ओळखणं, आणि ओळखून ते बाजूला ठेवणं. प्रयोग म्हणतात तो याला. नवं काहीतरी करून पाहणं तुलनेनं सोपं असतं. स्वतःची सगळ्यात चांगली जमणारी गोष्ट टाकून देणं फार अवघड.

*

बाबूरावांबद्दलच, थोडं तांत्रिक. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळात वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल लुगडं काळं यायचं, निळं आभाळ पांढरं पडायचं. रंगात वाढलेल्या माणसाला त्या फिल्मसाठी जग नव्यानं पाहावं लागतं : हा रंग किती लाल आहे हे विसरायचं, तो किती गडद उमटेल ते पाहायचं. बाबूराव चित्रणाआधी प्रसंगांची, वेशभूषेची, पात्रांच्या हालचालींची चित्रं काढून ठेवत. पुढं 1925 चा ‘सावकारी पाश’ आला, ज्यात तरुण शांतारामबापूंनी शेतकऱ्याचं काम केलं. पुराणकथांच्या दिमाखातून निघून एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या झोपडीत जायला दृष्टीही तशीच कसावी लागली असणार.

आता त्यांचं ‘जलवाहिनी’ हे तैलचित्र पाहा. रंगांचा गाजावाजा नाही. एका गडदपणातून दुसऱ्यात इतक्या हळूच शिरलेलं की शिवण सापडत नाही. मला त्या चित्रात कॅमेऱ्यामागे काढलेली वर्षं दिसतात. पडदा, कॅमेरा, पोस्टर, मूर्ती, तैलरंग, एवढी माध्यमं बदलूनही तोच मऊ उजेड सगळीकडे येतो. माध्यम बदललं तरी जे उरतं तो माणसाचा हात, अशी माझी खूणगाठ आहे. अबालाल एका जागी बसून बदलले, बाबूराव जागा बदलत एकच राहिले. या दोन्ही वाटा आपल्या गावातून निघतात.

*

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज नाहीत. पडदेही उरले नाहीत. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 पासूनचं नाट्यगृह. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावून होत्या. प्रयोगाची कला टिकाऊ वस्तू मागं ठेवेलच असं नाही. ती माणसं मागं ठेवते. बाबूरावांच्या हाताखालून दामले आणि फत्तेलाल घडले, शांताराम घडले, त्यांनी 1929 मध्ये इथंच ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली. दत्तोबा दळवींनी चित्रकला शिकवण्याची संस्था उभी केली आणि तिथून बाहेर पडलेली पोरं आज महाराष्ट्रभर आहेत.

*

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. या ग्रेड परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत चित्रकलेची वही पोचवली, हे उपकार मोठे आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. पण स्मरणचित्राच्या पेपरात काय होतं ते पाहा. ‘बसस्थानक’ असा विषय आला की डावीकडे झाड, उजवीकडे एसटी, मध्ये पाठमोरी बाई आणि तिचा हात धरलेलं मूल. स्मरण कुणाचंच नसतं, क्लासमध्ये बसवून घेतलेलं असतं. मुलगा रोज ज्या गारगोटी किंवा मलकापूरच्या स्टँडवर उतरतो, तिथला सांडलेल्या डिझेलचा डाग, कठड्यावर झोपलेला माणूस, फलाटाला टेकवलेली दुधाची किटली चित्रात येत नाही.

स्मरणचित्र हा खरं तर स्वतःचा हात सापडण्याचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. पाहून काढताना समोरची वस्तू सगळंच देते. आठवून काढताना स्मरणानं जे ठेवलं तेवढंच हाती येतं, आणि कुणाचं स्मरण काय ठेवतं हे प्रत्येकाचं वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी रात्री झोपण्याआधी दिवसातली एक गोष्ट, कुठलाही संदर्भ न पाहता, काढायला सांगतो. महिन्याभरानं वह्या शेजारी ठेवल्या की एकाच्या वहीत सगळी माणसं, दुसऱ्याच्या वहीत माणूस एकही नाही, नुसत्या खिडक्या आणि जिने. ती पोरगी स्वतःच चकित झाली. "सर, मला माणसं लक्षातच राहत नाहीत की." म्हटलं, मग जिने काढ. तुझे जिने दुसरं कोण काढणार?

*

जांभा. पन्हाळ्याच्या, राधानगरीच्या वाटेला लागलं की मातीचा रंग बदलत जातो. इकडं नदीकाठची काळी, वर गेलं की तांबडी. ही तांबडी माती मी पिशवीतून आणतो. रीत सांगतो.

माती बादलीत पाणी घालून ढवळायची. वाळू आणि खडे लगेच तळाला बसतात. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि थांबायचं. पुन्हा खाली बसेल ते सोडून वरचं ओतायचं. असं करत शेवटी जो गाळ मिळतो तो बोटांना लोण्यासारखा लागतो. तो वाळवून पाट्यावर किंवा काचेवर घोटायचा. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून गाळायचा, त्यात थोडा मध, म्हणजे रंग सुकल्यावर तडकत नाही. पावसाळ्यात डिंकाला बुरशी येते, म्हणून लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब. हे सगळं घोटलं की जलरंग तयार. दुकानातल्या ट्यूबमध्येही मुळात असतं तेच : रंगाची पूड आणि धरून ठेवणारा डिंक.

गेरू, जांभ्याची माती हे लोहाचे रंग, ते उन्हात उडत नाहीत. काजळ टिकतं. हळद मात्र दिसायला कितीही तेजस्वी असली तरी उजेडात फिकी पडते, चित्रात तिच्यावर विसंबू नये.

हे एवढं कशासाठी? दुकानातला रंग सगळ्यांना सारखाच वागवतो. घोटलेला रंग दाणेदार असतो, कागदाच्या खळग्यांत बसतो, एका पट्ट्यात कुठं दाट कुठं विरळ होतो. त्याच्याशी जुळवून घेताना हाताचा वेग बदलतो. मला तर आभाळच सोडावं लागलं, कारण मातीत निळा नाही. आभाळ सोडल्यावर क्षितिज वर गेलं, चित्राचा सगळा कागद जमिनीला मिळाला. मग बांध, चर, उसाच्या सऱ्या, नांगरटीच्या रेघा. आज लोक माझं काम त्या वर चढलेल्या क्षितिजावरून ओळखतात. ते मी ठरवलेलं नव्हतं, जांभ्यानं ठरवलं.

*

एका जुन्या बॅनर पेंटरांकडे मी बसायला जातो. सिनेमाची मोठमोठी बॅनरं रंगवण्यात हयात गेली. आता फ्लेक्स आल्यापासून ते काम नाही. हात अजून स्थिर. छोट्या फोटोवर चौकटी आखून तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करायच्या, आणि मग शिडीवर चढायचं. शिडीवरून चेहरा दिसत नाही, नाकाचा एक डोंगर तेवढा दिसतो. म्हणून चेहरा डोक्यात धरून रंगवायचा. सावलीत सरळ जांभळा किंवा हिरवा लावायचा, लांबून तो कातडीचाच दिसतो.

मी विचारलं, "मामा, तुमचं बॅनर लांबून वळकू यायचं म्हणतात. ते कसं काय?"

"आरं, आमच्याकडं पांढरा रंग कमी असायचा. मालक मोजून द्यायचा. मग कपाळावर आनि नाकाच्या शेंड्यावर तेवढा लावायचा, बाकी सगळं रंगातच काढायचं. दुसऱ्यांची तोंडं पिठात बुडवल्यागत, आमची न्हाई."

मी ते घरी येऊन लगेच लिहून ठेवलं.

*

जी. कांबळे. कोल्हापूरचे, 1918 चा जन्म. सिनेमाची पोस्टरं आणि बॅनरं रंगवणारा चित्रकार. शिवाजी महाराजांचं जे चित्र महाराष्ट्र शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं, ते त्यांचं. कचेरीत, शाळेत, ग्रामपंचायतीत रोज लाखो डोळे ते पाहतात आणि चित्रकाराचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. एखाद्याचा हात इतका सगळ्यांचा व्हावा की तो कुणाचा तरी आहे हेच विसरलं जावं. शैलीच्या चर्चेत आपण नेहमी वेगळं दिसण्याबद्दल बोलतो. कांबळ्यांनी नेमकं उलटं साधलं, आणि ते त्याहून सोपं नाही. त्यांचं नाव प्रत्येक शाळेत त्या चित्राखाली लिहिलं जावं.

*

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. आपलं ‘निसर्ग’ हे घर आणि चित्रं त्यांनी शासनाला देऊन टाकली. पडद्यावरचे चंद्रकांत सगळ्यांना माहीत, बाबूरावांचे शिष्य असलेले चित्रकार चंद्रकांत कमी. त्यांनी ‘पावडर शेडिंग’ची पद्धत हाताळली, ओल्या रंगाऐवजी कोरड्या पुडीतून निसर्गदृश्यं. पाणी नाही, त्यामुळे वाळण्याची वाट पाहणं नाही. धुकं, लांबचे डोंगर, संध्याकाळ यांना ती पूड फार शोभते. तिथं कधीही जा, गर्दी नसते, निवांत पाहता येतं.

*

वसंत सरवटे यांचाही जन्म कोल्हापूरचा, 1927 चा. पेशानं इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी. ‘ललित’ मासिकातल्या ठणठणपाळाचं चित्र त्यांनी काढलं. त्यांची रेघ एकाच जाडीची, न थरथरणारी, छाया जवळजवळ नाही. ड्रॉइंग बोर्डावर इमारतींचे आराखडे काढणाऱ्या माणसाची रेघ. नोकरीनं कला मारली असं आपण सहज बोलून जातो. सरवट्यांच्या बाबतीत नोकरीनं रेघ दिली, असं मी म्हणेन.

*

प्रभाकर बरवे वह्या लिहीत. चित्राविषयी, वस्तूंविषयी, रिकाम्या जागेविषयी. त्यातून घडलेला विचार ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात आहे, 1990 चं. विणकर सेवा केंद्रात कापडाच्या नक्षीचं काम करत त्यांनी संसार चालवला आणि बाजूला घड्याळ, पान, क्लिप, बाटली या रोजच्या वस्तूंतून स्वतःची भाषा घडवली. तेही तैलरंग सोडून, एनॅमलमध्ये, जो रंग आपण दारं-खिडक्यांना लावतो.

वासुदेव गायतोंडे सुरुवातीला आकृत्या काढत, पॉल क्लेच्या छायेत. पुढं आकृत्या गेल्या, ब्रश मागं पडला, रोलर आणि चाकू आला. वर्षाला मोजकी चित्रं.

दोघेही मराठी माणसं आणि दोघांनीही हत्यार बदलल्यावर चित्र बदललं. नवशिक्या चित्रकाराला विषय बदलायची घाई असते. मी म्हणतो, विषय तोच राहू दे, ब्रश काढून घेऊन बघ.

*

पंचगंगेच्या घाटावर रविवारी सकाळी ईझल मांडून बसलेली पोरं पाहिली की गाव जिवंत वाटतं. पण अलीकडे दहा बोर्डांवर एकच चित्र दिसतं : ओल्या कागदावर सैल आभाळ, दीपमाळांचे दोन गडद फटके, पाण्यात उभं प्रतिबिंब, शेवटी कोरड्या ब्रशचा एक खरवडा. मोबाईलवर कुणीतरी चार मिनिटांत असं करून दाखवलेलं असतं. हे कोल्हापूरच्या नावानं विकलंही जातं. हात तयार आहेत, फार तयार आहेत, म्हणूनच जीव तुटतो.

या पोरांनी एक करावं. घाटाकडे पाठ करून बसावं. मागं काय आहे ते आजवर कुणी नीट रंगवलेलं नाही : भिजलेल्या पिशव्या वाळत घातलेल्या, रक्षाविसर्जनाला आलेली माणसं चहाच्या गाड्यावर, पुराची पातळी दाखवणारी भिंतीवरची रेघ. 2019 आणि 2021 चा महापूर याच गावानं पाहिला आणि त्याची चित्रं मात्र आपल्याकडे किती कमी.

*

दरवर्षी ‘रंगबहार’ या संस्थेची ‘मैफल रंग-सुरांची’ टाउन हॉलच्या बागेत भरते. झाडाखाली गाणं चालू असतं, चित्रकार समोर मॉडेल बसवून व्यक्तिचित्र करतात, शिल्पकार मातीत काम करतो, लोक गोल करून उभे. लहान पोरं बापाच्या खांद्यावरून पाहतात. सगळ्यांच्या देखत चित्र करायचं म्हणजे जमणारंच करायचा मोह होतो. तरी एखादा ज्येष्ठ माणूस त्या गर्दीत अचानक वेगळ्याच रंगानं सुरुवात करतो आणि गडबडत, सावरत शेवटापर्यंत नेतो. ते पाहायला मिळालं तर दिवसाचं सोनं होतं. पूर्ण झालेल्या चित्रांपेक्षा मला ती पहिली पाच मिनिटं पाहायची असतात. त्यासाठी लवकर जाऊन पुढं उभं राहावं लागतं.

*

येत्या पावसाळ्यासाठी : जांभ्याची पूड दोन प्रकारची, एक बारीक घोटलेली, एक जाडसर. काजळ. निळा अजिबात नाही. रंकाळ्याकाठी, संध्यामठ पाण्याखाली गेलेला असताना. हवेतल्या दमटपणानं कागद लवकर सुकणार नाही, म्हणून पहिला हात लावून कागद तसाच घरी आणायचा आणि दुसरा हात आठवणीतून. वहीतल्या जिन्यांच्या पोरीला सोबत न्यायचं आहे. ती पाणी कसं काढते ते बघू.